कमरेवरचे सातशे ग्रॅम

भाच्याचं म्हणणं सरळ होतं. सकाळपासून रात्रीपर्यंत कमरेला राहणारी वस्तू टोचता कामा नये. मामांचं म्हणणं त्याहून सरळ होतं. ती हलता कामा नये.

भाचा उलव्याचा. खडी-रेतीचा पुरवठा आणि जोडीला पनवेल-उरण पट्ट्यात जमिनींची देवघेव. शेजारच्या विमानतळाचं 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालं, पण तिथल्या गुंठ्याला भाव आला तो त्याच्या कितीतरी आधी, आणि भावाबरोबर भांडणंही आली. त्याला शस्त्र परवाना मिळाला तो याच कारणानं. मामा नवी मुंबई पोलीस दलातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी कळंबोलीच्या मुख्यालयात, कोतमध्ये म्हणजे शस्त्रागारात, हत्यारं देण्या-घेण्याच्या आणि साफ करण्याच्या कामात काढली. भाचा नवं रिव्हॉल्व्हर दाखवायला खारघरला त्यांच्या घरी गेला आणि विषय निघाला तो मात्र होल्स्टरचा.

"मामा, हे बघा, एकदम मऊ. लावलंय हेसुद्धा कळत नाही."

"लावलंय हे कळलं पाहिजे," मामा म्हणाले. "कळेनासं झालं की माणूस विसरतो. आणि विसरलेलं हत्यार कुठेही पडतं."

परवान्याचं हत्यार बाळगणारी माणसं कोणतं रिव्हॉल्व्हर घ्यावं यावर तासन् तास बोलतात. काडतुसं कुठली, नळी किती इंचाची, कानपूरचं बरं की कोलकात्याचं. ते ठेवायचं कशात, हा प्रश्न मात्र दुकानदार बिल फाडताना विचारतो आणि गिऱ्हाईक समोर टांगलेलं पहिलं होल्स्टर उचलतो. हे उलटं आहे. सामान्य परवानाधारकाच्या हातून आयुष्यात एकदाही गोळी झाडली जात नाही, पण होल्स्टरमध्ये हत्यार घालणं आणि काढणं रोज घडतं. जे रोज घडतं, अपघातही तिथेच घडतो.

कायद्यानं या वादाची चौकट आखून दिली आहे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते त्यासाठीच बनवलेल्या, अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या साधनात असलं पाहिजे. ते पूर्ण झाकलेलं हवं आणि नेणाऱ्याचा त्याच्यावर पक्का ताबा हवा. झाकलेलं आणि ताब्यात, या दोन अटी एकत्र वाचल्या की पँटच्या पट्ट्यात नुसतं खोचलेलं रिव्हॉल्व्हर बाद होतं, आणि शर्टावर मिरवलेलंही बाद होतं.

मिरवण्याची खोड या भागाला नवी नाही. 13 नोव्हेंबर 2022 रोजी अंबरनाथला बैलगाडा शर्यतीच्या वादातून भररस्त्यात गोळीबार झाला, तो आजही लोकांच्या लक्षात आहे. हळदीच्या रात्री डीजेच्या तालावर हवेत गोळी झाडण्याला 2019 च्या दुरुस्तीनं स्वतंत्र गुन्हा ठरवलं. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भाचा त्या जातीचा नाही. त्याला हत्यार दिसायला नको आहे, आणि म्हणूनच त्याची निवड मऊ, पातळ, शर्टाखाली न उठून दिसणाऱ्या होल्स्टरवर गेली होती. हेतू चांगला होता. वस्तू चांगली नव्हती.

मामांनी आधी रिव्हॉल्व्हर मागून घेतलं. नळी गादीकडे, बोट चापापासून दूर. कानपूरच्या ओळखीच्या धाटणीचं .32, वरचा खटका दाबला की नळी पुढे मोडते आणि सहाही काडतुसं एकदम वर येतात. त्यांनी ती काढली, मोजली, आतल्या खोलीत नेऊन कपाटात ठेवली आणि दार ओढून घेतलं. परत येऊन रिकामी घरं पुन्हा पाहिली, बोटानं चाचपली. मग भाच्याचं होल्स्टर हातात घेतलं. ऑनलाइन मागवलेलं, काही शे रुपयांचं, काळ्या नायलॉनचं, आत पातळ स्पंज, मागे पत्र्याची एक क्लिप. वेष्टनावर लिहिलं होतं की कोणत्याही पिस्तुलाला बसतं.

"कोणत्याही म्हणजे कोणत्याच नाही," मामा म्हणाले आणि रिव्हॉल्व्हर भाच्याच्या हाती दिलं. "आता लाव, आणि काढ."

भाच्यानं रिव्हॉल्व्हर काढलं, तर होल्स्टरही त्याच्यासोबत वर आलं. क्लिप पट्ट्यावरून सुटली होती. दुसऱ्या वेळी त्यानं क्लिप घट्ट बसवली. या वेळी रिव्हॉल्व्हर निघालं, पण ते परत घालताना पंचाईत झाली. रिकामं झाल्याबरोबर होल्स्टरचं तोंड मिटून गेलं होतं. ते उघडायला त्यानं डाव्या हाताची दोन बोटं आत घातली, आणि उजव्या हातातली नळी नेमकी त्या बोटांवर आली. मामांनी त्याचं मनगट तिथेच धरलं.

"भरलेलं असतं तर?"

तिसरी गोष्ट त्यांनी स्वतः करून दाखवली. रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये असताना त्यांनी कापडावरून अंगठा दाबला. कापडाखाली चाप हलताना दिसला. टेबलाची कड, गाडीचं दार, खिशातली किल्ली यांपैकी काहीही त्या अंगठ्याची जागा घेऊ शकतं.

या तीन चाचण्यांत होल्स्टरची जवळजवळ सगळी विद्या आली. चाप आणि त्याभोवतीचं कडं कडक आवरणानं पूर्ण झाकलेलं असावं. रिकामं असतानाही तोंड उघडं राहावं, म्हणजे एका हातानं हत्यार परत घालता येईल. आणि होल्स्टर पट्ट्याला असं धरून असावं की ओढलं तर फक्त हत्यार बाहेर येईल. चौथी अट रिव्हॉल्व्हर धरून ठेवण्याची. धावताना, वाकताना, पडताना ते आत राहिलं पाहिजे. रिव्हॉल्व्हरला यासाठी अंगठ्यानं उघडणारी चामड्याची पट्टी उत्तम. ती घोड्याच्या मागून जाते, त्यामुळे घोडा कशात तरी अडकून मागे ओढला जाण्याची भीतीही कमी होते.

भाचा ऐकून घेणाऱ्यांतला, पण मान्य करणाऱ्यांतला नाही. "मामा, हे सगळं तुमच्या गणवेशाला ठीक. तुमचा पट्टा चार बोटं रुंद, वर चामडी घर, कोणी बघितलं तरी हरकत नाही. मी साइटवर जातो, बँकेत जातो, लोकांच्या घरी पंगतीला बसतो. मला कमरेला वीट बांधून फिरता येणार नाही."

"मग नुसतं खोचणार?"

नुसतं खोचण्याचं काय होतं, याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण प्लॅक्सिको बरेस या अमेरिकी फुटबॉलपटूचं आहे. नोव्हेंबर 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबमध्ये त्याच्या सैल पँटमध्ये खोचलेलं पिस्तूल घसरलं, त्यानं ते झटकन पकडायला हात घातला आणि गोळी त्याच्याच मांडीत गेली. पिस्तूल विनापरवाना होतं. पुढच्या वर्षी त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. होल्स्टर असूनही ते नीट धरत नसेल तर काय होतं, हे 2018 च्या जूनमध्ये डेन्व्हरच्या एका नृत्यगृहात दिसलं. सुट्टीवर असलेल्या एफबीआयच्या अधिकाऱ्यानं नाचता नाचता कोलांटउडी मारली, कमरेचं पिस्तूल जमिनीवर पडलं, ते घाईनं उचलताना गोळी सुटली आणि शेजारच्या माणसाच्या पायात शिरली. दोन्ही प्रसंगांत हत्यार पडल्यानं गोळी सुटली नाही. पडणाऱ्या किंवा पडलेल्या हत्याराला माणसानं झडप घातली म्हणून सुटली. कोतमध्ये नव्या शिपायाला मामा पहिली गोष्ट हीच सांगत: सुटलं तर सुटू दे, हवेत झेलू नको.

पण पडलेलं रिव्हॉल्व्हर आपण होऊनही उडू शकतं. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेता गोविंदा कोलकात्याला जायच्या तयारीत होता. जुहूच्या घरी परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, गोळी सुटली आणि गुडघ्याखाली पायात घुसली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944 मध्ये, अमेरिकी नौदलाचा एक खलाशी असाच खाली पडलेल्या रिव्हॉल्व्हरच्या गोळीनं मेला होता. त्यानंतर स्मिथ अँड वेसन कंपनीनं घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये येणारी अडसराची यंत्रणा बदलून नवी बसवली. आपल्याकडे वडिलोपार्जित, जुन्या बनावटीची रिव्हॉल्व्हरं आजही घराघरांत आहेत. त्यांतल्या कितींचा अडसर शाबूत आहे, हे जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय कळत नाही. ते दाखवून होईपर्यंत घोड्याखालचं घर रिकामं ठेवावं, सहाच्या जागी पाच काडतुसं भरावीत, हा मामांचा नियम जुना असला तरी खरा आहे.

गोविंदाचा विषय निघाला तसा भाच्यानं तो उचलला, आणि वादाला खरं वळण इथे लागलं.

"बघा मामा. ते कमरेला होतं का? नव्हतं. कपाटात ठेवताना पडलं. तुमचं ते कडक, टोचणारं होल्स्टर मी घातलं, तर दुपारी जेवताना काढणार. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवणार. गाडीत बसलो की डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकणार. दिवसातून सहा वेळा काढघाल. त्यापेक्षा मऊ बरं, एकदा लावलं की रात्रीपर्यंत हात लावायला नको."

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. भाच्याचा मुद्दा बिनतोड होता. आराम म्हणजे चैन, अशी पोलिसी शिस्तीत वाढलेल्या माणसाची समजूत असते. पण टोचणारं होल्स्टर अंगावर राहत नाही, आणि अंगावरून उतरलेलं हत्यार कोणाच्या हाती जाईल हे मालकाला सांगता येत नाही. 8 फेब्रुवारी 2024 रोजी दहिसरमध्ये अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह चालू असताना हत्या झाली. मारेकरी मॉरिस नोरोन्हानं वापरलेलं पिस्तूल त्याचं नव्हतंच. ते त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं, आणि नोरोन्हाच्या कार्यालयातल्या लॉकरमध्ये ठेवलं जात होतं, असं पोलीस तपासात पुढे आलं. परवाना एकाचा, ताबा दुसऱ्याचा. तिथे पिस्तूल का ठेवलं जात होतं ते न्यायालय ठरवील. पण अंगावर नसलेल्या हत्याराची किंमत काय, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

म्हणून आराम हा सुरक्षेचाच भाग आहे, भाच्याचं हे म्हणणं प्रस्तुत लेखकाला पूर्ण पटतं. चूक एवढीच की तो आराम मऊपणात शोधत होता. मऊ होल्स्टर पहिल्या तासाला सुखाचं वाटतं. नंतर हत्याराचं सगळं वजन एका बिंदूवर लोंबायला लागतं, क्लिप कमरेत रुतते, आणि माणूस दर दहा मिनिटांनी शर्टावरून हात लावून ते सारखं करतो. हा हात लावणंच आजूबाजूच्या माणसाला सांगून टाकतं की इथे काहीतरी आहे.

खरा आराम येतो पट्ट्यातून. रिकाम्या .32 रिव्हॉल्व्हरचं वजन सुमारे सातशे ग्रॅम. 2014 मध्ये आलेलं 'निर्भीक' पाचशे ग्रॅमचं म्हणून गाजलं. 2023 च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्या सरकारी कंपनीनं आणलेलं, चक्र बाजूला उघडणारं 'प्रबल' पुन्हा सातशेच्या घरातलंच. हे वजन फॅशनच्या पातळ पट्ट्यावर टांगलं की पट्टा वाकतो, होल्स्टर बाहेर झुकतं, मूठ शर्टातून डोकावते. दोन थरांचा, दीड इंच रुंदीचा, आडवा धरला तर न वाकणारा चामडी पट्टा घेतला की तेच वजन कमरेभर पसरतं. होल्स्टरच्या फटी नेमक्या त्या रुंदीच्या हव्यात. सैल फट म्हणजे हलणारं होल्स्टर. मामांनी आपला जुना पट्टा भाच्याला बांधायला दिला. रिकामं रिव्हॉल्व्हर त्यावर चढवून भाचा जिना उतरून चढून आला, आणि वजन अर्धं झाल्यासारखं वाटतंय हे त्यानं स्वतःहून कबूल केलं.

जागेचा प्रश्न पट्ट्याइतकाच महत्त्वाचा. भाच्यानं रील्समध्ये पाहून पोटावर, बेंबीच्या उजव्या बाजूला लावायचं ठरवलं होतं. मामांनी त्याला जमिनीवर मांडी घालून बसायला सांगितलं. नळी मांडीच्या मुळाशी, मोठ्या रक्तवाहिनीच्या दिशेला, आणि मूठ बरगडीखाली रुतलेली. सत्यनारायणाला, पंगतीला, कुणाच्या दारी सांत्वनाला, आपल्याकडे माणूस जमिनीवर बसतोच. खुर्चीवरच्या माणसाच्या सोयीची जागा आपल्या उठण्या-बसण्याला चालत नाही. पाठीच्या मधोमध लावणंही नको. पाय घसरून पाठीवर पडलं तर पोलादाचा तुकडा थेट मणक्याखाली येतो. उजव्या हाताच्या माणसाला उजव्या कमरेच्या हाडाच्या जरा मागे, मूठ किंचित पुढे झुकलेली, ही जागा बहुतेकांना मानवते.

गाडीत बसतानाही परदेशी सल्ला तपासून घ्यावा लागतो. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, त्यामुळे सीटबेल्टचं कुलूप त्याच्या उजव्या कमरेशी येतं आणि उजवीकडच्या पिस्तुलात अडकतं. तिथल्या सल्लागारांचा अर्धा वेळ या अडचणीवर जातो. आपल्याकडे चालक उजवीकडे, कुलूप डावीकडे. म्हणजे स्वतः गाडी चालवणाऱ्याची ही अडचण बरीचशी सुटते. पण भाचा ड्रायव्हर ठेवतो आणि मागे डावीकडे बसतो. तिथे कुलूप बरोबर उजव्या कमरेशी.

"मागे बेल्ट कोण लावतं?" भाचा म्हणाला.

"सायरस मिस्त्रींनी लावला नव्हता," मामा म्हणाले. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या त्या अपघातानंतर मागच्या सीटचा बेल्ट हा विषय राज्यभर गाजला. होल्स्टर टोचतं म्हणून बेल्ट सोडायचा, तर बंदुकीपेक्षा मोठा धोका आपण होऊन पत्करायचा. होल्स्टर दोन बोटं मागे सरकवलं, बेल्ट त्याच्या पुढून पोटावर नीट घेतला, की दोन्ही राहतात. हे घरी, रिकाम्या हत्यारानं, उभ्या गाडीत बसून पाहता येतं.

आता नवी मुंबईची हवा. खाडी आणि डोंगर यांच्या मध्ये वसलेलं शहर, जूनपासून चार महिने भिंतीला ओल. पोलाद गंजतं आणि चामड्याला बुरशी येते. मामांनी कपाटातून एक जुनं चामडी होल्स्टर काढलं. बाजूच्या घरांत कधीकाळी ठेवलेल्या काडतुसांनी चामड्यावर हिरवट वर्तुळं उमटवली होती. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि ओल यांनी पितळेवर हा हिरवा थर चढतो, आणि असं काडतूस चक्रात अडकू शकतं. दमट हवेत रिव्हॉल्व्हर चामड्यात ठेवून कपाटात टाकू नये, हा कोतचा नियम याच अनुभवातून आला. हत्यार वेगळं, तेलाचा हात फिरवलेलं. होल्स्टर वेगळं, वाऱ्यावर.

त्याच होल्स्टरच्या तोंडाची कड मामांनी बोटानं आत दुमडून दाखवली. ती दुमडली ती तशीच राहिली. ती सरळ चापाच्या कड्यापर्यंत पोचत होती. 2011 मध्ये अमेरिकेत अशाच मऊ पडलेल्या चामड्याची घडी चापात शिरून कमरेवरच गोळी सुटली, आणि त्या होल्स्टरची छायाचित्रं शस्त्रधारकांमध्ये जगभर फिरली. चामडं झिजतं, आणि झिजलं की ते फेकायचं असतं. वडिलांची आठवण म्हणून जपायचं असेल तर भिंतीवर जपावं.

भाच्यानं कायडेक्सचा पर्याय काढला. विमानांच्या अंतर्भागासाठी 1965 मध्ये बाजारात आलेलं हे कडक प्लास्टिक तापवून हत्याराच्या आकारावर बसवतात. ते घामानं फुगत नाही, बुरशी धरत नाही, तोंड मिटत नाही. पावसाळ्याला ते चामड्याहून सरस आहे. त्याची कड मात्र उघड्या कातडीला कापते, वाळूचे कण आत गेले तर पोलादाचा मुलामा खरवडतो, आणि साइटवर फिरणाऱ्याला वाळूची कमतरता नाही. कातडीसाठी आत गंजी घालावी. अंगाच्या बाजूला चामड्याचा थर, बाहेरून कायडेक्स, अशी मिश्र होल्स्टरंही मिळतात. अडचण एकच आणि ती मोठी: परदेशी कारखाने होल्स्टर बनवतात ते परदेशी पिस्तुलांच्या मापाचं. कानपूरच्या .32 ला नेमकं बसणारं तयार मिळणं कठीण.

"मग करून घ्यायचं," मामा म्हणाले. धारावीच्या चामडी बाजारात आजही असे हात आहेत, जे जाड चामडं ओलं करून वस्तूच्या आकारावर दाबून बसवतात. रिव्हॉल्व्हर रिकामं न्यायचं, काडतुसं घरी, परवाना खिशात, आणि माप घेईपर्यंत आपण समोर बसून राहायचं. हत्यार कारागिराकडे सोडून चहाला जायचं नाही. तोंडाला चामड्याचा दुसरा पट्टा शिवून घ्यायचा, म्हणजे ते उघडं राहतं. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूपेक्षा खर्च बराच होतो, पण रिव्हॉल्व्हरच्या किमतीपुढे तो नगण्य आहे.

कपड्यांचा विचार भाच्यानं केला नव्हता. इन केलेला शर्ट बाद. सुटा, गडद, नक्षीचा बुशशर्ट, एक माप मोठा, हे त्याच्या कामाला शोभतं. पांढरा कुर्ता पुढाऱ्यांचा आवडता, पण त्याच्या बाजूच्या चिरा नेमक्या कमरेवर उघडतात, आणि पायजम्याची नाडी सातशे ग्रॅम पेलत नाही. कुर्ता घालायचाच तर आत पँट आणि पट्टा हवा. खांद्याचं होल्स्टर गाडीत सोयीचं असलं तरी त्याला वर जाकीट लागतं, आणि मे महिन्यात पनवेलला जाकीट घालणारा माणूस लगेच नजरेत येतो.

मामींनी आतून विचारलं, "मग पिशवीत ठेवलं तर काय बिघडतं?"

नियमांना पिशवी चालते. पण पिशवी माणूस खाली ठेवतो, रिक्षात विसरतो, दुसऱ्याच्या हाती देतो. 30 डिसेंबर 2014 रोजी अमेरिकेत आयडाहोमधल्या एका वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलानं आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं आणि त्याच्या हातून आईच मारली गेली. ती पर्स हत्यारासाठी खास कप्पा असलेली होती. मामींनी हे ऐकलं आणि भाच्याकडे पाहिलं. त्याची मुलगी चार वर्षांची आहे. पिशवीचा विषय तिथेच संपला.

एक प्रश्न मात्र दोघांनाही टाळता आला नाही. हे सगळं कशासाठी? भाच्यानं दोन घटना सांगितल्या: 2013 च्या फेब्रुवारीत वाशीत बांधकाम व्यावसायिक सुनीलकुमार लाहोरिया यांचा खून, आणि मार्च 2023 मध्ये नेरूळला गाडीत बसलेल्या दुसऱ्या एका बांधकाम व्यावसायिकावर मोटरसायकलवरून आलेल्यांनी घातलेल्या गोळ्या. "अशा वेळी हातात काहीतरी हवं."

"अशा वेळी हात कमरेपर्यंत पोचत नाही," मामा म्हणाले. "त्यांना वेळ ठाऊक असते, जागा ठाऊक असते. तुला नसते. मारेकरी येतोय हे आधी कळलं तर तू पोलिसांना फोन करशील, आणि आधी कळलं नाही तर जगातलं कुठलंच होल्स्टर पुरं पडणार नाही."

भाच्याला हे पटलं नाही. परवाना सरकारनं धोका पाहूनच दिलाय, तो वापरण्याचा हक्क त्याला आहे, आणि एकट्यानं रात्री साइटवरून परतणाऱ्या माणसाचं मन निर्धास्त असणं यालाही मोल आहे, असं तो म्हणाला. इथे प्रस्तुत लेखकाचा कौल मामांकडे झुकतो, पण पूर्ण नाही. बाळगायचं की नाही हा त्याचा निर्णय आहे. बाळगायचं ठरलं तर कसं, यात मात्र सूट नाही.

कोणत्या दिवशी बाळगायचं नाही, यावर दोघांचं लवकर एकमत झालं. हळद, लग्न, गटारी, जिथे पेला हातात येणार असेल तिथे नाही. बेलापूरचं न्यायालय, विमानतळ, मॉलच्या दारातली धातुशोधक चौकट, असं काही दिवसाच्या कामांत असेल तर घरूनच नाही, कारण तिथे पोचल्यावर हत्यार गाडीत सोडण्यावाचून मार्ग उरत नाही आणि उभ्या गाडीतलं हत्यार कोणाच्याच ताब्यात नसतं. आचारसंहितेत जमा करण्याचा आदेश आला तर वाद न घालता ठाण्यात जमा करायचं आणि पावती घ्यायची.

शेवटी तोडगा निघाला तो असा. चामडी होल्स्टर मापानं करून घ्यायचं, पट्टा त्याच्याआधी. दोन्ही आल्यावर पंधरा दिवस रिव्हॉल्व्हर रिकामं ठेवून घरातल्या घरात लावायचं: मांडी घालायची, बुटाची नाडी बांधायला वाकायचं, जिना चढायचा, मुलीला कडेवर घ्यायचं. यात एकदाही हात तिकडे गेला, एकदाही काढून ठेवावंसं वाटलं, तर जागा किंवा झुकाव बदलून पुन्हा पंधरा दिवस. परत घालताना शर्ट बाजूला, नजर होल्स्टरवर, बोट सरळ, आणि घाई अजिबात नाही, कारण हत्यार काढायची घाई कधी आलीच तर येईल, परत घालायची घाई कधीच नसते. नायलॉनचं ते काळं होल्स्टर मामांनी कात्रीनं दोन तुकडे करून टाकलं, दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

नवी मुंबईत आणि महाराष्ट्रात इतरत्र ज्यांच्याकडे परवान्याचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर आहे, त्यांना एक विनंती. आज रात्री ते रिकामं करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा आणि घरं दोनदा तपासा. मग रिकामं हत्यार होल्स्टरमध्ये घालून, पट्टी लावून, गादीवर उलटं धरून हलवा. बाहेरून चाप दाबून पाहा. हत्यार काढा आणि तोंड मिटतं का ते बघा. यांपैकी एकाही चाचणीत होल्स्टर नापास झालं, तर नवं येईपर्यंत हत्यार कुलूपबंद कपाटात राहू द्या.